पहिली ओळ आईची

१७ फेब्रुवारी २०१३, रविवार

फ्रेममधली बाई माझी आई नाही!

परेशने हौसेने केला फोटो. वर्षश्राद्धाला मोठी फ्रेम पाहिजे म्हणाला आणि टपाल नाक्यावरच्या एका स्टुडिओत देऊन आला. अडचण अशी की आईचा तोंड मिटलेला एकही फोटो जगात नाही. जिथे फोटोवाला तिथे लग्न, आणि लग्न म्हटलं की आई गात असणारच. स्टुडिओवाल्याने कॉम्प्युटरवर तिचं तोंड मिटवलं. वर जरा गोरीपण केली, फुकटात.

भिंतीवर लावला तर मोनाली म्हणाली, "मम्मी, ही कोण?" परेशची भाविका म्हणाली, "आजीची दाढ दुखतेय." झालं! वर्षश्राद्धाच्या पानावर बसून आम्ही सगळे खदाखदा हसलो. भटजी पळीपंचपात्र हातात धरून बघतच राहिले. परेश मात्र फुगला. माझा धाकटा भाऊ पन्नाशीला आला तरी फुगतो तसाच, आधी कान लाल होतात.

परेशकडचे गेल्यावर फ्रेम उतरवली. जुना फोटो लावला. तोंड उघडं, एक हात कानावर, बाजूला कुणाचा तरी अर्धा खांदा. हां. ही आई.

आणखी एक. मोनालीची तारीख पक्की झाली. अक्षय्य तृतीया, १३ मे. प्रितेश मुलगा चांगला आहे, उरणचा, पोर्टात नोकरी. सगळे खूश. रात्री भांडी लावताना पोरगी म्हणाली, "आजीने मला शब्द दिला होता. तुझ्या मांडवात मीच गाणार. आता काय?"

बघू म्हटलं. बघू म्हणजे काय, कप्पाळ!

२० फेब्रुवारी

मशीनवर बसले की आईच डोक्यात. आज दोन ब्लाऊजना उलट्या बाह्या लावल्या.

आई धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नात भटजी नंतर, आधी धवलारीण. मांडव घातला की पहिला धवला तिचा. नवरीला हळद लागते ती तिच्या गाण्यावर, अंघोळ तिच्या गाण्यावर, सासरी निघते तीही तिच्याच गाण्यावर. सकाळी मिठागरात, संध्याकाळी कुणाच्या तरी मांडवात. मिठाने फुटलेल्या टाचा घेऊन तशीच जायची चालत.

तिला बोलावणं म्हणजे सुपारी. माणूस नारळ-सुपारी घेऊन दारात यायचा. आईने कधी विचारलं नाही की कोण, कुठले, न्यायला गाडी येणार का. हात पुढे करायची, सुपारी कनवटीला लावायची आणि एकच प्रश्न, "तारीख काय?" सुपारी आली की नाय म्हनायचा नाय, हा तिचा कायदा. माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा बाई आपट्याला मांडवात. माझ्या कळा सुरू झाल्या तेव्हा करंज्याला! दुसऱ्या दिवशी धावतपळत आली ती तशीच हळदीच्या हातांनी. नातीला उचललं, कुरवाळलं, अंगभर हात फिरवला. तासाभराने नर्स ओरडत आली, बाळाला कावीळ झाली म्हणून. डॉक्टरांनी ओल्या कापसाने पुसलं तर कावीळ कापसावर!

बाबा गेले तेव्हा बायका कुजबुजल्या. आता ही मांडवात कशी जाणार? आईने ऐकलं. पुढच्याच महिन्यात सुपारी आली. "काशिराम गेला. माजा गला नाय गेला," म्हणाली आणि गेली.

बाबांची आठवण आली की मात्र हळू आवाजात बोलायची. एरवी सगळा कारभार ओरडून. मोबाईलवर बोलायची तेव्हा समोरच्याला फोनची गरज नसायची.

२१ फेब्रुवारी

काल एक राहिलं. परेशच्या बंगल्यात का नाही राहिली, हे लोक मला अजून विचारतात. आमच्या कोन गावी बाबांच्या जमिनीवर एवढा मोठा बंगला बांधला त्याने. आई गेली, आठवडाभर राहिली आणि पिशवी घेऊन माझ्या दारात. "त्या मार्बलवर पाय सरकतो. आन दिवसभर वाटेनं एक मानूस जाताना दिसत नाय." ती जी आली ती शेवटपर्यंत इथेच. लिफ्टला पाया पडून आत शिरायची. बाल्कनीत सुकट वाळत घातलं म्हणून सोसायटीची नोटीस आली, तर सेक्रेटरीला म्हणाली, "तो वास नाय, ती भूक हाय." त्याला जेवायला बसवलं. परत नोटीस नाही आली.

शेवटचे दिवस दवाखान्यात. तापात बडबडत होती. डॉक्टर तरुण, बिचारा तिचं डोकं ठिकाणावर आहे का ते तपासायला म्हणाला, "आजी, आज तारीख काय?" आईने डोळे उघडले. "ती तू सांगायची. सुपारी तू घेऊन आलास ना?"

तो घाबरला. मी हसले. मग बाहेर बाकावर बसून रडले. पण आधी हसले, हे खरं.

३ मार्च, रविवार

धवलारीण शोधतेय. मिळत नाही. एकीने गुडघ्यांमुळे सोडलं. एक मुलाकडे पुण्याला गेली. एक आहे, तिचं म्हणे पॅकेज असतं. माईक, बेंजो आणि दोन तास. तिने फोनवरच नमुना ऐकवला. मोनालीने ऐकलं आणि म्हणाली, "मम्मी, ही निवडणुकीला उभी आहे का?"

हे म्हणतात, "सीडी लाव कुठलीतरी." नवऱ्याचं नाव दिनानाथ ठेवलंय खरं, पण गाण्यातलं कळतं काय ह्यांना? आई गायला बसली की हे पेपर वाचायचे. तरी ती ह्यांनाच आधी माशाची तुकडी वाढायची. जावई ना!

मी का नाही गात? माझा गळा म्हणजे तेल न घातलेली मशीन. आईसुद्धा म्हणायची, "तू शिव बाय."

१० मार्च, रविवार

आज आपट्याला जाऊन आले. मालूमावशीकडे.

मालूमावशी आईची जोडीदारीण. धवला दोघींचा असतो. एकीने ओळ टाकायची, दुसरीने झेलायची. आई टाकायची, मालूमावशी झेलायची, माझ्या आठवणीत कायम हेच. मावशी ओटीवर तांदूळ पाखडत होती. वाळली आहे. मला बघितलं, सूप खाली ठेवलं आणि आधी माझ्या ब्लाऊजची शिलाई उलटून बघितली. "बरी हाय." मग गळ्यात पडली.

मी विषय काढला. मावशी, मोनालीच्या मांडवात तू गा.

"मना येतं कुठं?"

"जन्म गेला तुझा गाण्यात!"

"अगो पोरी, पयली ओल गुणाबायची, दुसरी माजी. ती बोलली की मागून माज्या तोंडात आपसूक येतं. ती नाय तर मी काय बोलू? मना निस्ती उत्तरं येतात. सवाल तिच्याजवल."

मला आधी पटेना. मग एक उदाहरण दिलं तिने, गाऊन नाही, नुसतं बोलून. "पाटाखाली पानी, पान्यात चांद." हे उत्तर. पण कशाचं? मावशी डोकं खाजवत बसली. नाहीच आठवलं.

म्हणजे अर्धा धवला आहे आमच्याकडे! मागचा अर्धा!

१२ मार्च

मावशीला म्हटलं, अर्धा तर अर्धा, निदान तो तरी गाऊन ठेव, मोबाईलवर घेते. तर नाही! आईचाच कायदा आड आला. मांडव नसताना धवला काढायचा नाय. म्हणूनच तर घरात आम्ही कधी शिकलो नाही. मोनालीने एकदा गुणगुणलं होतं तर आईने लाटणं उगारलं होतं.

"धवला ऐकला की देव धावत येतात," मावशी फोनवर सांगत होती. "आन हितं बघतात तर लगीन नाय. मंग त्यांनी कोनाच्या तोंडाकडं बघायचं? पाव्हन्याला फुकट बोलवू नये."

बरोबर आहे म्हणा. वाईट दिसतं.

१७ मार्च, रविवार

मांडव पाहिजे ना? घातला मांडव!

हॉलमध्ये. आईची हिरवी साडी, एक टोक पडद्याच्या दांडीला, एक खिडकीच्या गजाला, एक कपाटाच्या हँडलला, एक माझ्या मशीनला. आंब्याचे डहाळे मोनालीने आणले, कुठून ते विचारलं नाही. परेशला सांगितलं मावशीला गाडीतून घेऊन ये. आला, बघितलं, कान लाल. "ताई, लोक काय म्हणतील?" म्हटलं, लोक लिफ्टने येतील तेव्हा बघू.

मावशी मांडवाखाली उभी राहिली. वर बघितलं. "मांडव हाय. लगीन कोनाचं?"

हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. तेवढ्यात भाविका बाहुली घेऊन पुढे. नवरी तयार. नवरा म्हणून तिचा टेडी. मावशी गंभीर. असं गंभीर तोंड मी फक्त देवळात बघितलंय.

"नवरा कुठल्या गावचा?"

भाविकाने टेडीचं लेबल उलटलं. "चायना."

"लय लांब दिली पोरगी," मावशी म्हणाली आणि पाटावर बसली.

आणि गायली! बाहुलीला हळद, टेडीला हळद. टेडी पांढरा होता. होता. मावशीचा आवाज अजून खणखणीत आहे. फक्त प्रत्येक ओळीआधी थांबायची. आईच्या ओळीएवढी जागा सोडायची आणि मग आपली ओळ. ती रिकामी जागा ऐकवेना मला. मोनाली उठून स्वयंपाकघरात गेली.

२४ मार्च

अहो, कॅसेट! इतके दिवस अक्कल कुठे गेली होती? पनवेल-उरणमधल्या किती लग्नांच्या व्हिडिओत आई आहे! आणि त्या नवऱ्या, त्यांच्या आया, सगळ्या माझ्याच गिऱ्हाईक. सीझन चालू आहे, ब्लाऊज माझ्या ताब्यात. सगळ्यांना सांगितलं, लग्नाची कॅसेट आणा, ब्लाऊज वेळेवर घ्या. नाही आणली तर बाह्यांचं मी काही सांगू शकत नाही.

हे म्हणाले ही खंडणी आहे. असू दे.

३१ मार्च, रविवार

कॅसेटचा ढीग. माळ्यावरून व्हीसीआर काढला, ह्यांनी फुंकर मारून चालू केला. पहिली कॅसेट लावली. आई! नऊवारी, नाकात नथ, हात कानावर, तोंड हे एवढं उघडं—

आणि तोंडातून हिंदी सिनेमातलं गाणं. गोड आवाजाचं, बागेतलं.

दुसरी लावली. तेच गाणं. तिसरीत दुसरं गाणं, पण सिनेमाचंच. आई जीव तोडून गातेय आणि वरून व्हायोलिन! एका कॅसेटमध्ये तर आईच्या तोंडी पुरुषाचा आवाज. मोनाली हसून हसून सोफ्यावरून खाली. मला इतका राग आला की सरळ मिरची गल्लीत त्या व्हिडिओवाल्याकडे गेले. म्हातारा झालाय आता, मोबाईलची कव्हरं विकतो.

"ताई, ओरिजनल आवाज कोण ठेवायचं? जनरेटर ऐकू यायचा. लोकांना गाणी लागायची."

"आणि धवला? ते गाणं नव्हतं?"

डोळे पुसायला लागला बिचारा. त्याच्याही लग्नात आईच गायली होती. एक कव्हर घेऊन आले. माझ्या फोनला बसत नाही.

४ एप्रिल

हे लिहिलंच पाहिजे.

दुपारी टीव्हीवर कॅसेट चालू होती, आवाज बंद. ते बागेतलं गाणं परत ऐकलं असतं तर टीव्ही फोडला असता मी. जगनची बायको, कळंबोलीची, ब्लाऊज न्यायला आली. कॅसेट तिचीच होती, वीस एक वर्षांपूर्वीची. दारातच थांबली. "अय्या, माझा मांडव!" मग आईच्या तोंडाकडे बघत बसली. आईचे ओठ हलले. आणि ही बाई, जी माझ्याशी फक्त हुक आणि अस्तर बोलते, ती एकदम म्हणाली—

"नवरी बसली पाटावरी, पाटाखाली काय गो?"

मी कात्री ठेवली. पाटाखाली पानी, पान्यात चांद!

"तुम्हाला कसं आठवतं?"

"वहिनी, माझ्यावर गायलेली ओळ मी विसरेन? पाटावर बसून रडत होते, आणि तुमची आई माझ्या तोंडाजवळ तोंड आणून हे विचारत होती. मी खरंच पाटाखाली बघितलं. रडायची थांबले."

मालूमावशीला लगेच फोन लावला. ओळ ऐकवली तर तिने मला परत म्हणायला लावली. मग म्हणाली, "तीच ती. तीच गो पोरी."

२१ एप्रिल, रविवार

घर नाही, जत्रा आहे! दर रविवारी एकेका कॅसेटबरोबर ती ती नवरी येते. नवरी म्हणजे कुणी दोन पोरांची आई, कुणी सासू झालेली. टीव्ही मुका. सगळ्या आईच्या तोंडाकडे बघतात आणि ओळ कुणाच्या ना कुणाच्या तोंडातून पडते. एक आठवते हळदीची, दुसरी अंघोळीची. एकीला फक्त चाल आठवली, शब्द नाही. दुसरीने शब्द दिले, पण त्यात नवरीच्या माहेरचं नाव चुकीचं. भांडण! मग चहा, भजी. मावशी झेलते. मी पाठ करतेय. मावशी म्हणते, ओळ टाकायला तूच बस, दुसरी कोण आहे? म्हटलं माझा गळा? "गला देव बघंल. तू वेलेवर तोंड उघड."

टेडीची किती लग्नं झाली, देवालाच माहीत. त्याला आता हळदीचा कायमचा रंग आलाय. भाविका म्हणते त्याला घटस्फोट हवाय. हे रोज मांडवाखालून वाकून ऑफिसला जातात. तक्रार नाही, फक्त काल डोकं कपाटाला आपटलं तेव्हा आईला हाक मारली. स्वतःच्या नाही, माझ्या!

परेशशी डीजेवरून वाजलं. म्हणतो हळदीला डीजे नाही तर कोनमध्ये तोंड दाखवता येणार नाही. आगरी हळद आहे की शोकसभा? म्हटलं ठेव डीजे, पण धवल्याच्या वेळी बंद. म्हणाला बंद म्हणजे किती बंद? असा भाऊ!

२८ एप्रिल, रविवार

एक धवला राहिला होता. लग्नाच्या दिवशीचा सर्वांत पहिला, पहाटेचा. त्या घरातली गेलेली माणसं मांडवात बोलवायची. तो एकाही कॅसेटमध्ये नाही. व्हिडिओवाले एवढ्या लवकर उठतात कुठे?

मी घाबरले. मावशी शांत. "त्यात पाठ कराचं कायच नाय. नावं असतात निस्ती. गुणाबाय आदल्या दिवशी घरच्यांना विचारून घ्यायची. कोन कोन गेलं, कोनाची अस्तुरी, कोनाचा बाप. मंग एकेकाला हाक मारायची. मी मागून 'येवा' बोलायची. आता मीच मारीन हाक. तू घरची हायस, तू नावं दे."

मी सांगायला लागले. सासरे महादेव. सासूबाई गोदू. मग माहेरचे, बाबा, काशिराम. मग—

थांबले. मोनाली समोर बसली होती, नेलपॉलिश लावत.

"आजी पण?" तिने विचारलं.

"गेलेल्यांनाच बोलवतात बाळा."

तिने नखावर फुंकर मारली. मग म्हणाली, "मग झालंच की. शब्द दिला होता ना तिने. येईल."

माझी पोरगी. वेडी आहे. मी पदरात तोंड घालून बाल्कनीत उभी राहिले. बाल्कनीत आईची सुकट वाळवायची दोरी अजून आहे.

१२ मे, रविवार

हळद! खाली सोसायटीच्या आवारात, खऱ्या मांडवात. पाय गेले माझे. डीजेवाल्याने एवढा मोठा आवाज लावला की हळदीच्या वाटीला लाटा. मालूमावशी त्याच्याजवळ गेली, कानात काहीतरी बोलली. त्याने मुकाट बंद केला. मी विचारलं, काय सांगितलंस?

"तुज्या आयसला मी हलद लावली, तुज्या लग्नाला पन मीच येनार हाय, बोलली."

मग आम्ही दोघी बसलो. मी ओळ टाकली, मावशीने झेलली. पहिल्या ओळीला माझा आवाज फाटला, कुणीतरी हसलं, परेश असणार. दुसऱ्या ओळीला नाही हसलं कुणी. "पाटाखाली काय गो?" म्हटलं तर मोनालीने खरंच वाकून बघितलं.

बाकी उद्या. लवकर उठायचं आहे.

१४ मे

गेली पोरगी. लग्न झालं. आता लिहिते.

काल सकाळी उजाडायच्या सुमाराला मांडवात आम्ही घरचेच. समई लावलेली, ताटात तांदूळ. मोनाली पाटावर, केस ओले. मावशीने हाक मारायला सुरुवात केली. "महादेवा, दिनानाथाच्या बापा, येवा मांडवाला." मग "गोदूबाय, महादेवाची अस्तुरी, येवा मांडवाला." ह्यांनी डोळे मिटले. पेपर नव्हता हातात. "काशिरामा, कोनच्या खातेदारा, येवा मांडवाला." परेश ताठ बसला.

आणि मावशी थांबली.

मला वाटलं श्वास घेतेय. पण नाही. तिचा हात ताटातल्या तांदळात तसाच. मग माझ्याकडे बघितलं. "मना नाय जमनार, निशा. जनमभर तिच्या मागून बोलली मी. तिच्या पुढं होऊन तिलाच कशी हाक मारू?"

मला एवढंच दिसलं की पहाट सरत चाललीय, आणि मोनाली माझ्याकडे बघतेय. जिने अख्ख्या मुलखातल्या घरांची गेलेली माणसं बोलावून आणली, तिला बोलवायला कोणी नाही? आमच्याच मांडवात?

तोंड उघडलं मी. "गुणाबाय—"

आवाज कसा होता माहीत नाही. तेल नसलेलाच असेल. "गुणाबाय, काशिरामाची अस्तुरी, निशा-परेशची आय, मोनालीची आजी, कोनची धवलारीण—"

"येवा मांडवाला!" मावशीने झेललं. मागून आणखी आवाज आले. वळून बघते तर त्या सगळ्या कॅसेटवाल्या, जगनची बायको, उरण नाक्यावरची, कळंबोलीच्या दोघी, चपला हातात घेऊन मांडवाच्या तोंडाशी. एवढ्या पहाटे! कुणी बोलावलं नव्हतं. आईने बोलावलं असेल.

रडले. मुसमुसून वगैरे नाही, मोठ्याने. परेशपण. मोनाली मात्र हसत होती. बाजूला सरकून पाटावर थोडी जागा केली तिने.

मग दिवसभर जेवणं, फोटो, रुसवेफुगवे. व्याह्यांची चप्पल हरवली. नवीन फोटोवाला म्हणाला, ताई तोंड मिटा, चांगला येईल. म्हटलं असाच काढ.

१९ मे, रविवार

मांडव सोडला आज, हॉलमधला. आईची साडी धुऊन घडी केली. हे दारातून जाताना सवयीने वाकले. कुणालाच हसू आवरलं नाही, म्हणजे मला आणि ह्यांना. दोघंच तर आहोत आता.

टेडी इथेच राहिलाय. भाविका म्हणते तो घरजावई.

मालूमावशी आपट्याला गेली. जाताना म्हणाली, "बरं जालं. आता मी मोकली." मी हो म्हटलं. आता गाणंबिणं बास. ब्लाऊजचा ढीग पडलाय.

२४ मे

दुपारी बेल वाजली. दारात एक अनोळखी म्हातारी, करंज्याची, उन्हाने लाल झालेली. हातात नारळ आणि सुपारी. "धवलारीण गुणाबायचं घर ह्येच ना? माज्या नातीचं लगीन हाय. माजं तिनंच लावलेलं, माज्या लेकीचं पन तिनंच." आई गेली हे बिचारीला ठाऊकच नव्हतं. आता हे हिला कसं सांगायचं! आत घेतलं, पाणी दिलं, समोर बसले. सांगायलाच तोंड उघडलं होतं.

पण हात पुढे झाला होता. सुपारी घेतली. आणि तोंडातून आलं ते एवढंच—

"तारीख काय?"